सही माझी होती, आता अक्कासमोर कुठल्या तोंडानं जाऊ?

आलेलं पत्र, थोडं कमी करून:

"ताई नमस्कार. आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर, बरोबर आमच्या गेटसमोर एका बाईचा गाडा होता, सगळे तिला अक्का म्हणतात. सकाळी पोहे आणि सुशीला, संध्याकाळी भजे, तळलेली मिरची, चहा. नऊ वर्षं झाली असतील. आमचे मामंजी एसटीतून रिटायर झालेत, ते दिवसभर आत्याबाईंजवळ, म्हणजे माझ्या सासूबाईंजवळ, असतात आणि संध्याकाळी पाच ते सात अक्काच्या गाड्यावर, ते आणि त्यांचे दोन मित्र. ट्युशनची पोरं, ऑटोवाले सगळे तिथंच. पण लोक मोटारसायकली आमच्या गेटला लावायचे, रात्री अकरापर्यंत कलकल, आत्याबाईंना लकवा झालेला, त्यांना झोप नाही. फेब्रुवारीत एका रात्री त्यांना ॲडमिट करायची वेळ आली तर ॲम्ब्युलन्स गेटपर्यंत येऊ शकली नाही, शंभर फूट स्ट्रेचर ढकलत न्यावं लागलं. त्याच आठवड्यात कॉलनीतल्या एकानं अर्ज फिरवला, पहिली सही माझी. मला वाटलं समज देतील, गाड्या नीट लावायला सांगतील. पण दीड महिन्यानं ट्रक आला आणि गाडाच उचलून नेला, कढई, टाकी, बाकडं सगळं. त्याला आता तीन आठवडे झाले. मिस्टर म्हणतात बरं झालं, कार लावायला जागा झाली. मामंजी जेवतात आणि गप्प बसतात, त्यांना माहीत नाही सही माझी होती. अक्का लांबच्या एका नाक्यावर डब्यातून पोहे विकते, परवा दिसली तर मी मान खाली घालून निघून आले. तिनं स्वनिधीचं, म्हणजे गाडेवाल्यांसाठीच्या सरकारी योजनेचं, दुसरं लोन घेतलंय म्हणे, 20 हजाराचं. मी चुकले का? आता काय करू? आणि मामंजी संध्याकाळी गेटबाहेर स्टूल टाकून एकटेच बसतात, लोक बघतात, त्यांना आत बोलवू का?"

ताई,

पत्र दोनदा वाचलं. तुम्ही शहराचं नाव लिहिलंय, ते मी छापत नाही, कारण असा कोपरा लातूरला आहे, परभणीला आहे, नांदेडला तर दर दोन गल्ल्यांमागं आहे, ज्याला त्याला हे पत्र आपल्याच कॉलनीचं वाटणार.

आधी तुमचा पहिला प्रश्न. तक्रार करण्यात तुम्ही चुकला नाहीत. लकवा झालेल्या माणसाला रात्री खड्ड्याखुड्ड्यातून शंभर फूट ढकलत न्यायचं आणि दोन्ही बाजूला मोटारसायकली आडव्या, हे ज्याच्यावर बेततं त्यालाच कळतं, त्या आठवड्यात तुमच्यासमोर कुणी कसलाही कागद धरला असता तरी तुम्ही सही केली असती, मी पण केली असती. तेव्हा मी वाईट बाई आहे का असं जे तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंय (ते मी वर घेतलं नाही) ते डोक्यातून काढून टाका.

चुकलं ते दुसरीकडंच. ती बाई नऊ वर्षं तुमच्या गेटपासून वीस पावलांवर उभी होती आणि तुम्ही रस्ता ओलांडून एकदा पण तिला म्हणाला नाहीत की अक्का, ही पोरं आमच्या दारात गाड्या लावतात, जरा बघ ना. निदान पत्रात तरी तसं कुठंच नाही. मामंजी रोज दोन तास तिथं, मिस्टर रविवारी भजे आणायला जायचे असं लिहिलंय, आणि तुम्ही मात्र कधीच नाही. जे वीस पावलांवर बोलून झालं असतं ते कागदावर महापालिकेत गेलं, आणि कागदाचं कसं असतं की त्यात "गाड्यामुळे अडथळा" एवढंच उरतं, त्यात आत्याबाई नसतात, फेब्रुवारीची ती रात्र नसते, आणि वाचणाऱ्याला अडथळा काढायचा एकच रस्ता माहीत असतो.

तुम्ही का गेला नाहीत ते पण मला कळतं. आपल्याकडं गावात पारावर बाया बसत नव्हत्या. आपली जागा आडावर, नळावर, नाहीतर कुणाच्या तरी ओसरीत शेंगा फोडत. शहरात आलो, घराला गेट आलं, तरी चार माणसं चहा पीत उभी असतात ती जागा आपली नाही हे आतमध्ये बसलेलंच असतं. पण अक्काचा गाडा तसा नव्हता हो. बाई कढईपाशी उभी असली की बाया थांबतात. सकाळी कधी गेटमधून नीट बघितलं असतं तर दिसलं असतं तुम्हाला, नाईट ड्युटी करून आलेल्या सिस्टर, धुण्याभांड्याला निघालेल्या बाया, ट्युशनच्या मुली, सगळ्या त्या सुशीलाच्या प्लेटसाठी थांबलेल्या असणार. सुशीला काही फार खर्चाची गोष्ट नाही, भिजवलेले मुरमुरे, कांदा, हिरवी मिरची, शेंगदाणे, वरून डाळव्याचं कूट, पण सकाळी सहाला गरम मिळालं की दुपारपर्यंत पोट धरून राहतं. आणि संध्याकाळी उशिरा क्लास सुटल्यावर त्या मुली कोपऱ्यावरून रूमकडं वळायच्या तेव्हा तिथं एक लाईट लागलेला असायचा आणि एक ओळखीची बाई असायची. आता तो कोपरा शांत आहे असं तुम्ही लिहिलंय. शांत आहे तसा अंधारा पण झाला असेल, ते एकदा रात्री नऊला बाहेर उभं राहून बघा.

गाड्यावर नुसतं खाणं नसतं हे मी नोकरीला लागले तेव्हा शिकले. नांदेडला बदली झाली होती, ओळखीचं कुणी नाही, बॅग घेऊन एका गाड्यावर चहा प्यायला थांबले, गाडेवाल्या काकांनी विचारलं कुणीकडच्या, मी म्हटलं परभणीची, रूम बघायलीय. अर्ध्या तासात एक मास्तर आले त्यांच्या वाड्यात खोली रिकामी होती, संध्याकाळी मी सामान लावत होते. त्या खोलीत तीन वर्षं काढली. ताप आला की खिचडीचा डबा त्याच गाड्यावरून यायचा आणि पैसे घ्यायला काका नाही म्हणायचे, मग मी पुढच्या महिन्यात त्यांच्या पोरीला वह्या आणून द्यायचे.

आणि पाणी. आपल्याकडच्या शहरात नळाला कितीक दिवसांनी पाणी येतं ते तुम्हाला मी काय सांगू, ते कधी येणार हे आधी कुठं कळतं? गाड्यावरच. एप्रिल 2016 ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात मी तिथं बहिणीकडं पंधरा दिवस होते. त्याच्या थोडं आधी पाण्याच्या ठिकाणी गर्दी नको म्हणून शहरात 144 कलम लावलेलं, इतकी वाईट अवस्था. बहिणीच्या कॉलनीतल्या गाड्यावर स्टीलच्या प्लेटा जाऊन पळसाचे द्रोण आले होते, धुवायला पाणीच नव्हतं, पण टँकर कुठल्या गल्लीत वळलाय, कुठं रांग छोटी आहे, कुणाच्या बोअरला अजून दोन घागरी निघतात, हे सगळं त्या गाड्यावर कळायचं आणि म्हातारी माणसं तिथं सांगून ठेवायची की आमच्या दोन घागरी बघा रे पोरांनो, आणि पोरं आणून द्यायची.

अक्काकडं एक वही असणार बघा. असतेच. रूमवरची जी पोरं आहेत त्यात किती तरी बीड, पाथरी, अहमदपूरकडची असतात, आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले, कोल्हापूर-सांगलीकडं नाहीतर कर्नाटकात, उचल आधीच संपलेली, पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, पोराच्या हातात पैसा नाही. रविवारी संध्याकाळी मेस बंद, मग गाड्यावर खातात आणि वहीत लिहितात. कुठलं हॉटेल लिहून घेतं? ट्रक आला तेव्हा ती वही गाड्याच्या खणात होती का अक्काच्या पिशवीत, हे मला पत्र वाचल्यापासून सारखं वाटायलंय. ती गेली असेल तर अक्काचे पैसे पण गेले, पोरं देतील बिचारी, पण आता ती अक्काला शोधणार कुठं.

हे सगळं तुम्हाला अजून अपराधी वाटावं म्हणून नाही लिहिलं. काय गेलंय ते नीट कळलं तर काय परत आणायचं ते कळतं, नुसता गाडा परत आणून तुमच्या आत्याबाईंची झोप परत येत नाही.

आता मामंजींचं. त्यांना आज सांगा, उद्यावर नका ढकलू. अर्जावर आठ सह्या आहेत असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे आठ घरात माहीत आहे, म्हणजे कधी ना कधी त्यांना कुणीतरी सांगणार, आणि ते बाहेरून कळलं तर मग घरात काही शिल्लक राहणार नाही. मिस्टरांना मध्ये घालू नका. चहा घेऊन जा, बसा, आणि एवढंच म्हणा की मामा, अर्जावर पहिली सही माझी होती, त्या रात्री स्ट्रेचर ढकलताना मला जे झालं त्यात केली, गाडा उचलतील असं वाटलं नव्हतं. बास. त्याच्यापुढं आपली बाजू लांबवायची नाही, मलाच सगळं करावं लागतं वगैरे त्या वेळी काढायचं नाही, ते खरं असलं तरी. ते रागावतील. दोन दिवस बोलणार नाहीत, कदाचित चार. पण आत्ता ते ज्या तऱ्हेनं गप्प आहेत ना त्यापेक्षा रागावलेलं बरं.

एक गोष्ट मला पत्रात फार जाणवली ती सांगते. ज्या माणसानं पस्तीस-चाळीस वर्षं एसटीत काढली, रोज शेकड्यानं माणसं बघितली, तो आता दिवसभर बायकोच्या खाटेजवळ बसतो. तोंड पुसतो, कूस बदलतो, औषध देतो, हे तुम्हीच लिहिलंय आणि कौतुकानं लिहिलंय. ते पाच ते सात दोन तास म्हणजे त्यांचं दम घेणं होतं. पण ते दोन तास आत्याबाईंजवळ कोण असायचं? तुम्ही. स्वयंपाकाच्या वेळेला. आणि समोरून हसण्याचे आवाज यायचे. ताई, खरं सांगा, रागात थोडा तो पण राग होता का? असला तर त्यात काही लाजायचं नाही. तुम्हाला पण दोन तास पाहिजेत आणि ते नऊ वर्षात कुणी दिले नाहीत, हे घरात बोलायला लागेल, वेगळ्या दिवशी, शांतपणे, आणि मिस्टरांसमोर, कारण ज्याला कार लावायला जागा झाली म्हणून आनंद झालाय त्यानं संध्याकाळी एक तास आईजवळ बसायला काही हरकत नसावी.

अक्काकडं तुम्ही स्वतः जायचं. नाक्यावर गिऱ्हाईकांपुढं नाही, तिच्या घरी, सकाळचे पोहे संपवून ती परत येते त्या वेळेला. घर मामंजींना माहीत असेल, नाहीतर ऑटोवाल्यांना नक्की. पाकीट घेऊन जाऊ नका. साडीबिडी तर अजिबातच नको. पैसे पुढं केले की ती नाही म्हणणार आणि मग बोलणं तिथंच संपतं, तुम्हाला वाटणार आपण केलं, तिला वाटणार हिनं हिशेब मिटवला. रिकाम्या हातानं जा, बसायला सांगितलं तर बसा, पाणी दिलं तर प्या, आणि मामंजींना सांगितलं तेच तिला सांगा. ती म्हणेल "मग एकदा सांगायचं न्हाई का बाई, मी काय ऐकले नसते का". याला तुमच्याकडं उत्तर नाही, शोधू पण नका, हो म्हणा. कदाचित ती तुम्हाला दारातूनच परत लावेल, तिचा तो हक्क आहे. तसं झालं तरी पुढचं कागदाचं काम तुम्ही करायचंच, ती बोलली म्हणून करायचं आणि नाही बोलली तर सोडायचं असं नाही.

कागदाचं जरा लांब आहे पण नीट वाचा, कारण तुम्ही शिकलेल्या आहात आणि अक्काला यातच मदत पाहिजे.

2014 सालचा पथविक्रेता कायदा आहे, केंद्राचा. अर्जात पथविक्रेता अधिनियम 2014 एवढं लिहिलं तरी पुरतं. त्यात असं आहे की शहरात पथविक्रेत्यांचा सर्व्हे व्हायला पाहिजे, त्यात ज्यांची नोंद झाली त्यांना विक्री प्रमाणपत्र मिळायला पाहिजे, आणि तो सर्व्हे पूर्ण होऊन प्रमाणपत्रं वाटून होत नाहीत तोवर कुणाला हटवायचं नाही. प्रमाणपत्र असलेल्याला ठरलेल्या जागेवरून उठवायचं तर 30 दिवस आधी नोटीस. माल उचलला तर जागेवर यादी करून सही करून ती विक्रेत्याला द्यायला लागते, आणि मग विक्रेत्यानं मागणी करून ठरलेली फी भरली की नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचं सामान दोन कामाच्या दिवसात परत द्यायचं. तेव्हा अक्काला पहिला प्रश्न हाच विचारा, यादी दिली होती का आणि सामान परत मागायला लेखी अर्ज दिला का. बहुतेक गाडेवाले देत नाहीत, दोन खेटे मारतात, साहेब नाहीत म्हणून परत येतात आणि कुणाकडून तरी उसनवारी करून नवी कढई घेतात.

दुसरा प्रश्न स्वनिधीचा. हे लोन जून 2020 ला, कोरोनात, सुरू झालं, तेव्हा पहिलं 10 हजाराचं होतं, ते फेडलं की 20, ते फेडलं की 50 मिळायचं. अक्काला दुसरं मिळालंय म्हणजे पहिलं तिनं फेडलंय, आणि मुळात ते मिळताना तिच्याकडं सर्व्हेतलं ओळखपत्र नाहीतर प्रमाणपत्र नाहीतर पालिकेचं शिफारसपत्र काहीतरी लागलंच असणार, त्याशिवाय होतच नाही. तो कागद शोधा. घरात पत्र्याच्या पेटीत असेल, बँकेच्या फाईलला लागलेला असेल, ज्या पोरानं मोबाईलवर फॉर्म भरून दिला त्याच्याकडं फोटो असेल. तो कागद हातात आला की अक्का कुणीतरी रस्ता अडवणारी बाई राहत नाही, तिची नोंद आहे हे दिसतं. आणि हप्ता थकू देऊ नका म्हणावं, 20 हजाराचं अठरा महिन्यांचं असेल तर महिन्याला 1200 च्या आसपास बसत असेल, वेळेवर गेला तरच त्या 7 टक्के व्याजाच्या सवलतीचा फायदा होतो आणि पुढच्या 50 हजाराचा रस्ता उघडा राहतो. बँकेत तिच्यासोबत जाऊन मॅनेजरला परिस्थिती सांगा, गप्प राहण्यापेक्षा सांगितलेलं बरं. इथं, या हप्त्यासाठी, अक्काशी बोलणं झालेलं असेल आणि तिनं घेतले तर पैसे द्या, उसने म्हणून.

मग तुमचा स्वतःचा अर्ज. आयुक्तांच्या नावानं, प्रत नगर पथविक्रेता समितीला, काही ठिकाणी तिला फेरीवाला समिती म्हणतात. तिचे अध्यक्ष आयुक्तच असतात आणि कायद्याप्रमाणं तिच्यात कमीत कमी 40 टक्के लोक पथविक्रेत्यांनी निवडून दिलेले, त्यातल्या एक तृतीयांश बाया. तुमच्या प्रभागातल्या एखाद्या सदस्य बाईला आधी जाऊन भेटा, त्यांना आतलं सगळं माहीत असतं. अर्जात सरळ लिहा की अमुक तारखेच्या अर्जावर माझी सही आहे, माझी तक्रार गेटसमोरच्या पार्किंगची आणि रात्री उशिरापर्यंतच्या आवाजाची होती, गाडा हटवावा अशी माझी मागणी नाही, सदर विक्रेती ठरलेल्या वेळेत आणि ठरलेल्या रेषेच्या आत गाडा लावणार असेल तर माझी हरकत नाही. बाकीच्या सातांपैकी जे तयार होतील त्यांच्या सह्या घ्या. मला वाटतं चार तरी होतील, ज्यांच्या घरी सकाळचे पोहे तिथून यायचे ते. आणि आवक विभागात देऊन पोच घ्या, शिक्का आणि तारीख असलेली, नुसतं टेबलावर ठेवून येऊ नका. त्यावर काहीच हललं नाही तर कायद्यात तक्रार निवारण समिती सांगितलीय, तिथं माजी न्यायाधीश अध्यक्ष असतात, पण तिथपर्यंत जायची वेळ सहसा येणार नाही, तक्रारदारच परत आला की कारकून पण फाईल हलवतो.

एक मात्र अक्काला स्पष्ट सांगा. कायद्यानं ती जागा तिच्या मालकीची होत नाही, रस्ता रुंदीकरण निघालं तर नोटीस देऊन दुसरीकडं जागा देऊ शकतात, आणि स्वच्छता ठेवणं तिच्यावर आहे. गाड्यावर घरगुती 14.2 किलोची टाकी चालत नाही, 19 किलोची कमर्शियल लागते. उचललेली टाकी घरगुती असेल तर तिच्यावरून भांडू नका. पेपरावर भजे देणं बंद, शाई पोटात जाते, नियमानं पण मनाई आहे, द्रोण वापर म्हणावं.

आता तुमच्या दारातला प्रश्न, जो मुळात खरा होता आणि जो सुटला नाही तर सहा महिन्यांनी परत कुणीतरी अर्ज फिरवणारच. गाडा परत येईल तेव्हा पहिल्याच दिवशी, पहिली कढई चढायच्या आधी, तुम्ही, अक्का, मामंजी आणि ऑटोवाल्यांपैकी एक असे चौघं रस्त्यावर उभे राहा आणि चुन्यानं रेघ मारा. गेटच्या दोन्ही बाजूला अशी जागा सोडून की ॲम्ब्युलन्स आत वळली पाहिजे, वाटल्यास एखादा टेम्पो वळवून बघा. मोटारसायकली रेघेच्या पलीकडं, रिकाम्या प्लॉटच्या भिंतीला. ही रेघ पाळून घ्यायचं काम तुमचं नाही, तुम्ही गेटमधून ओरडलात तर पोरं उलट बोलणार. ते काम अक्काचं. जी बाई उधार लिहून घेते तिचं पोरं ऐकतात, ती म्हणाली गाडी तिकडं लाव मग प्लेट मिळेल, की लागली गाडी. रात्री साडेनवाला गॅस बंद. अकरापर्यंत जी कलकल व्हायची ती बहुतेक भजे संपल्यावरची असायची, नुसतं उभं राहून, कढई उतरली की माणसं पण उतरतात. खरकट्याला ड्रम, सकाळी घंटागाडीत, आणि तळणाचं तेल नालीत ओतायचं नाही. आत्याबाईंची खाट रस्त्याकडच्या खोलीत असेल तर जमलं तर मागच्या खोलीत हलवा, नाहीतर खिडकीला जाड गोधडी टांगा, आवाज बराच कमी होतो, हे माझ्या आईच्या आजारपणात आम्ही केलेलं आहे.

आणि पहिल्या दिवशी संध्याकाळी स्वतः जाऊन एक प्लेट घ्या. पैसे देऊन. घरी पार्सल नाही, तिथंच उभं राहून खा.

ज्यांनी अर्ज फिरवला त्यांच्याशी भांडायला जाऊ नका, त्यांचं कारण त्यांना माहीत. तुम्ही सही मागं घेतली हे त्यांना ऑफिसातूनच कळेल, विचारलं तर लपवू नका. मिस्टरांच्या कारचं म्हणाल तर गेटच्या आत जागा आहे असं तुम्हीच लिहिलंय, दोन कुंड्या हलवायला लागतील.

स्टुलाचं शेवटी. मामंजींना आत बोलवू नका. लोक बघतात तर बघू द्या, बघता बघता एखादा थांबेल. त्यांचे ते दोघं मित्र सध्या संध्याकाळी कुठं असतात ते विचारा, एक तर गुडघ्यामुळं लांब जाऊ शकत नाहीत असं दिसतं, म्हणजे ते पण घरातच बसून असणार. गाडा यायला पंधरा दिवस लागतील नाहीतर दोन महिने, तोवर पाच वाजता गेटबाहेर अजून तीन स्टुलं ठेवा आणि थर्मासात चहा. दोन मित्रांना, एक तुम्हाला. आत्याबाईंजवळ त्या वेळी मिस्टर बसतील.